आधी नेमका, मग सरसकट

फोनवर कुणी म्हणालं, ‘कुणालातरी पाठवा,’ की भालेराव शांतपणे सांगत, ‘त्या नावाचा माणूस आमच्याकडे नाही,’ आणि फोन ठेवून देत. मग पलीकडे जनरल मॅनेजर का असेनात.

पिंपरीच्या आमच्या कारखान्यात ऐंशीच्या सुमारास कॉम्प्युटर आला. त्याच्या गारठलेल्या खोलीत आम्ही दोघेच. सकाळी सुरू होताना तो जोडलेल्या प्रत्येक यंत्राबद्दल ड्रायव्हर नावाच्या प्रोग्रामांना यादीतल्या क्रमाने विचारी, ‘हे तुझं का?’ जो पहिला ‘हो’ म्हणे, यंत्र त्याचं. बाकीच्यांना मग कुणी विचारत नसे.

मशीनबरोबर आलेला ड्रायव्हर यादीत पहिला. तो दिसेल त्या प्रिंटरला ‘माझाच’ म्हणे आणि इंग्रजी अक्षरं छापून मोकळा होई. भालेरावांनी सहा महिने खपून दुसरा लिहिला. तो फक्त आमचा प्रिंटर ओळखे आणि ठिपक्याला ठिपका जुळवून त्याच्याकडून मराठी काढून घेई. आमच्या विभागाच्या साहेबांना छपाई इंग्रजीतच हवी असे; ते दर सोमवारी जुना क्रम लावायला सांगत. मंगळवारी भालेराव आपला ड्रायव्हर पुन्हा वर चढवत, आणि गेटवरच्या बोर्डावर कामगारांच्या शिफ्टची यादी मराठीत लागे.

‘आधी नेमका, मग सरसकट,’ ते म्हणत. ‘सगळं येतं म्हणणाऱ्याला शेवटी विचारायचं, राव.’ हे ते कँटीनच्या वाढप्यालाही ऐकवत.

अखेर लेखी हुकूम आला. यादी इंग्रजीतच लागेल, पुन्हा क्रम बदलल्यास स्टोअरमध्ये बदली. भालेरावांनी त्याच कागदावर ‘मान्य नाही’ लिहून ठसठशीत सही ठोकली. मला रागच आला. एका प्रिंटरपायी एवढा हट्ट कशाला?

समजूत घालायला मी दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना गेटवर गाठलं. ते नोटीस बोर्डापासून लांब उभे होते. बोर्डापुढे फाउंड्रीतला एक म्हातारा यादीवरून बोट फिरवत होता.

‘किसनभाऊ, वाचून दावू का?’ शेजारच्याने विचारलं.

‘न्हाई. माझं मी वाचतो. ह्यो बघ, किसन भालेराव. उद्यापासून दुसरी शिफ्ट.’

‘माझे वडील,’ भालेराव हळूच म्हणाले. ‘गेल्या वर्षी प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकले. जन्मभर दुसऱ्याला विचारत आले. रिटायर व्हायला चार महिने आहेत. तेवढे निघू देत.’

मला माझ्या रागाची लाज वाटली.

तेवढे दिवस कुणी थांबणार नव्हतं. दुपारी भालेराव स्टोअरमध्ये गेले आणि क्रम लावायचं काम माझ्याकडे आलं. संध्याकाळी साहेबांनी बोलावून विचारलं, ‘लावला का क्रम?’

‘लावला, साहेब. भालेरावांचा वर आहे.’

‘आणि उद्या?’

‘उद्याही. चार महिने.’