फेसातला दगड

इंद्रजितने तीन बादल्या ओट्यावर ओळीने मांडल्या तेव्हा तुळजाबाईंना वाटलं, आपल्या पोराला उशिरा का होईना, स्वतःचे कपडे धुवायची बुद्धी झाली. त्यांनी मोठ्या आनंदाने दोन चादरी आणून त्याच्यापुढे टाकल्या. त्या त्याने परत आत नेऊन ठेवल्या आणि मग त्याला सगळा खुलासा करावा लागला.

हिंजवडीतल्या एका कंपनीची माणसं शनिवारी कासार आंबोलीला येणार होती. घरामागच्या रानात इंद्रजितने हिरवळ लावली होती, कडेने दिव्यांच्या माळा सोडल्या होत्या आणि रस्त्यावर पाटी ठोकली होती. ती पाटी वाचून आजवर फक्त रस्ता चुकलेले लोक आत आले होते. ही पहिलीच खरी पार्टी होती, आणि कंपनीला हवी होती फोम पार्टी. यंत्रातून फेस उडवायचा आणि त्यात सगळ्यांनी नाचायचं, एवढाच तिचा मतलब. हे त्याने वडिलांना, हैबतरावांनाही, सांगितलं.

"आंघोळ का?" त्यांनी विचारलं.

"आंघोळ न्हाई आबा. मजा."

"कपडे घालून?"

"व्हय."

"मग बरं," हैबतराव म्हणाले. "पर एक सांगून ठिवतो. तुझ्या ह्या मजेपायी भावकीत एक जरी बोलणं झालं, तर हिरवळ नांगरून भात लावीन. आन् तू परत कंपनीच्या गाडीवर."

इंद्रजितने हिंजवडीत कंपनीची गाडी बरीच वर्षं चालवली होती. नोकरी सोडली तरी झोपेत त्याचा उजवा पाय अजून ब्रेक दाबत असे. परत त्या सीटवर बसायचं म्हटलं की त्याला खरोखर भीती वाटे, त्यामुळे त्याने लगेच होकारार्थी मान हलवली.

भावकी म्हणजे एकनाथ, हैबतरावांचा चुलतभाऊ. हिरवळीच्या खालच्या अंगाला त्याचं शेत होतं. मधला बांध दोघांनी दोन्ही बाजूंनी नांगरून नांगरून कधीच संपवला होता. उरला होता तो हद्दीचा एक दगड. हा दगड मुळात कुठे होता यावरून दोघांचा अबोला होता. एकनाथ म्हणे, हैबतरावांनी तो खाली सरकवला. हैबतराव म्हणत, एकनाथने वर सरकवला. दोघंही खरंच बोलत होते. कुणी बघत नाहीसं पाहून दोघंही तो आपापल्या सोयीने हलवत आले होते आणि त्यामुळे तो जमिनीत धड कधी रुतलाच नव्हता. सरकारी मोजणी मागवायचा विषय निघाला की दोघांनाही एकदम महत्त्वाचं काम आठवे.

तर अशा परिस्थितीत पावडर निवडायची होती.

"यंत्राचं काय, घालशील ते उडवतंय," प्रमोदने बजावलं होतं. प्रमोद इंद्रजितचा शाळेपासूनचा मित्र. पौडला त्याचा साउंडचा धंदा होता आणि फेसाचं यंत्रही त्याचंच होतं. "पावडर चुकली की मान्सं डोळं चोळत घरी जात्यात. आन् परत येत न्हाईत."

म्हणून तीन बादल्या. पहिल्या पावडरीचा फेस भरघोस झाला, पण वास थेट धुण्याच्या साबणाचा, आणि तुळजाबाईंनी कौतुकाने त्यात हात घातले ते संध्याकाळपर्यंत खाजवत बसल्या. दुसरी सुगंधी आणि गुलाबी होती. तिचा फेस गोठ्यातल्या पांढऱ्या वासराने चाटायचा प्रयत्न केला आणि त्याचं तोंड गुलाबी झालं, ते कितीही धुतलं तरी जाईना. तिसऱ्या पावडरीला वास नव्हता, रंग नव्हता, आणि अंगाला, डोळ्यांना, गवताला काही होणार नाही असं पाकिटावर छापलं होतं. छापलेल्यावर हैबतरावांचा विश्वास नसल्याने त्यांनी अख्खं तोंड बादलीत घातलं आणि मिशांना फेस लावून बाहेर काढलं.

"चुरचुरत न्हाई," त्यांनी निकाल दिला. "घे ही."

इंद्रजितने दोन पाकिटं मागवली. एक वापरायला, एक हाताशी असावं म्हणून.

शुक्रवारी संध्याकाळी प्रमोद आला. पावडर आधी कोमट पाण्यात कालवायची, गाठी मोडायच्या, ते पाणी गाळून पिंपात ओतायचं, वर साधं पाणी भरायचं आणि पिंप झाकून रात्रभर तसंच ठेवायचं. हे सगळं दोघांनी अगदी रीतसर केलं. "पिंपाला एक पाकीट. चिमूटभर जास्त न्हाई," प्रमोद हात धूत म्हणाला. "जास्त झालं की फेस बसतच न्हाई. मग नाक कुटं हाय ते शोधावं लागतं."

ओट्यावर बसलेले हैबतराव हे सगळं बघत होते. त्यांचा चेहरा उतरला होता.

"नव्या कामाची मूठ कुनी धरली?" त्यांनी विचारलं.

ते राहूनच गेलं होतं, हे इंद्रजितच्या आत्ता लक्षात आलं. त्यांच्या घरात पेरणीची पहिली मूठ कर्त्या माणसाने धरायची, मग घरधनिणीने, मग भावकीने, हा रिवाज होता. तो इतका पक्का होता की अबोला असतानाही हैबतराव एकनाथच्या पेरणीला जात आणि एकनाथ हैबतरावांच्या. जात, मूठ सोडत आणि न बोलता परत येत.

"आबा, ही काय पेरणी न्हाई," प्रमोद म्हणाला. "ह्याला प्रमाण असतंय."

"बियाण्याला नसतंय व्हय?"

हैबतराव आत गेले, टोपी घालून बाहेर आले, तुळजाबाईंनी नारळ फोडला आणि हाताशी असावं म्हणून ठेवलेलं पाकीट फोडण्यात आलं. शुभकामाला एक मूठ कुणी सोडत नाही, पाच सोडतात. हैबतरावांनी पाच सोडल्या. तुळजाबाईंनी पाच सोडल्या. तेवढ्यात नारळाचा आवाज ऐकून एकनाथ आलाच.

"वैनी," तो तुळजाबाईंना म्हणाला, कारण हैबतरावांशी त्याला बोलायचं नव्हतं, "त्यांनी किती सोडल्या?"

"पाच."

"मग आमी काय कमी हाय?"

एकनाथचा हात खोऱ्यासारखा होता. पाचव्या मुठीला पाकीट रिकामं झालं, तेव्हा त्याने ते उलटं करून पिंपावर झटकलंही. प्रमोदने आत डोकावून पाहिलं. गार पाण्यात पावडर विरघळली नव्हती, गोळे होऊन तळाला गेली होती.

"निम्मं वतून टाकू," तो हळूच म्हणाला.

"पेरलेलं उपसायचं?" हैबतराव म्हणाले. एकनाथ, ज्याची मूठ उपसून फेकली जाणार आहे अशा माणसासारखा बघत राहिला. भावकीत बोलणं होतं ते असंच सुरू होतं, हे इंद्रजितला माहीत होतं. त्याने प्रमोदला डोळ्याने गप्प केलं आणि पिंपावर झाकण टाकलं.

शनिवारी दुपारी कंपनीची माणसं आली. त्यांना आणणाऱ्या मेधाबाई कंपनीत माणसांचा उत्साह सांभाळायच्या कामावर होत्या आणि त्या कामात अतिशय गंभीर होत्या. गाणी लागली, प्रमोदने यंत्र सुरू केलं, फेस उडाला. तळाचे गोळे तळाशीच होते. वरच्या पाण्याचा जो व्हायचा तो बेताचा फेस झाला आणि लोक त्यात जपून नाचू लागले. मग खेळ सुरू झाला. प्रमोदने हिरवळीवर काही वस्तू लपवल्या होत्या, त्या फेसात चाचपडून शोधायच्या होत्या.

"इंद्रजित, तुम्ही पाठवलेल्या फोटोत फेस कमरेपर्यंत होता ना?" मेधाबाईंनी विचारलं. "हा तर घोट्याच्या वर जात नाहीये. वस्तू तर अशाच दिसतायत. थोडं कमी वाटतंय, नाही का?"

"वाढेल मॅडम, हळूहळू."

हे हैबतरावांनी ऐकलं. त्यांच्या दारात आजवर कुणी जेवणात, चहात किंवा मानपानात कमी आहे असं म्हटलं नव्हतं. त्यांनी कुडाचा बांबू उपसला, पिंपाचं झाकण काढलं आणि ताक घुसळावं तसं पिंप तळापासून घुसळलं. गोळे फुटले. यंत्राने एकदा घसा खाकरल्यासारखा आवाज केला.

त्यानंतर जो फेस आला तो थांबलाच नाही. तो गुडघ्यापर्यंत आला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. कमरेपर्यंत आला तेव्हा मेधाबाईंनी फोटो काढले. छातीपर्यंत आला तेव्हा प्रमोद बटण बंद करायला धावला आणि बटण कुठे आहे ते त्याला सापडेना, कारण बटणाचा बोर्ड हिरवळीवर होता आणि हिरवळ कुठे आहे तेच कळत नव्हतं. फेसातून अधूनमधून त्याचा हात वर येई आणि परत आत जाई. वरून एप्रिल महिन्यातला दुपारचा वारा सुटला. त्याने तो सगळा ढीग उचलून उताराने खाली ढकलला, एकनाथच्या रिकाम्या शेतात. फेसाच्या मागोमाग माणसंही नाचत गेली. हद्द ओलांडली हे कुणाला कळायचं कारणच नव्हतं.

एकनाथ घरातून बाहेर आला तो दारातच थबकला. त्याचं शेत आणि हैबतरावांचं रान मिळून एकच पांढरं मैदान झालं होतं. पिंप रिकामं होऊन यंत्र आपणहून बंद पडलं आणि गाणंही संपलं. त्या शांततेत निरंजन नावाचा एक चष्मेवाला तरुण दोन मित्रांच्या मदतीने काहीतरी जड उचलून फेसातून बाहेर आला.

"मिळाला," तो धापा टाकत म्हणाला. "हा सगळ्यात अवघड होता. आधी वाटलं निघतच नाही, पण मग सहज निघाला. याला जास्त पॉइंट्स आहेत ना?"

त्याने हद्दीचा दगड मेधाबाईंच्या पायाशी ठेवला.

इंद्रजितने डोळे मिटून घेतले. त्याला समोर हिंजवडीचा चौक दिसला, त्यात अडकलेल्या गाड्या दिसल्या आणि त्यातल्या एका गाडीत तो स्वतः दिसला. दुसऱ्या कुठल्याही दगडाला हात लागला असता तर त्याने माफी मागून वेळ मारून नेली असती.

एकनाथ फेस तुडवत पुढे आला. हैबतराव बांबू घेऊन आले. दोघं दगडाच्या दोन बाजूंना उभे राहिले. तुळजाबाई त्या दोघांच्या मधोमध येऊन थांबल्या, कारण आता निरोप पोचवावे लागणार हे त्यांना सवयीने ठाऊक होतं.

"वैनी," एकनाथ म्हणाला, "कुटनं उचलला इचारा त्याला."

"कुठून उचललास रे बाळा?"

निरंजनने मागे वळून पाहिलं. सगळीकडे पांढरं होतं. तो थोडा चालत गेला, डावीकडे सरकला, परत उजवीकडे आला आणि पायाने जागा दाखवून म्हणाला, "इथून. बहुतेक."

"न्हाई," हैबतराव म्हणाले.

"हितं कधीच नव्हता," एकनाथ म्हणाला.

"पोराला काय कळतंय."

"डोळ्यात फेस गेला आसंल. हितं आसता तर आपुन काय येडं का दादा, इतकी वर्सं?"

तुळजाबाई पोचवायचा निरोप तोंडात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. एकनाथ थेट बोलला होता, तेही दादा म्हणून. त्या दोघांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालेलं त्यांनी लग्न होऊन या घरात आल्यापासून पाहिलं नव्हतं.

"मग हुता कुटं?" हैबतरावांनी विचारलं.

हा प्रश्न मात्र अवघड होता. इतकी वर्षं दोघांनी दगड जिथे आहे तिथे तो नव्हता एवढंच सांगितलं होतं. कुठे होता ते चार माणसांसमोर बोट ठेवून सांगायचं, म्हणजे दुसऱ्याला त्यात खोट काढायला वाव द्यायचा. एकनाथने फेसाकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं आणि टोपी सारखी केली.

"फेस तर उतरू द्या," तो म्हणाला. "मग बघू."

फेस उतरायला अंधार पडला. तोवर इतक्या पायांनी तुडवलेल्या त्या ढेकळांत दगडाचा खड्डा कुठे होता ते शोधणं शक्यच नव्हतं. निघताना मेधाबाई इंद्रजितला म्हणाल्या, "शेवटचा खेळ तर फारच छान होता. असं काही मी कुठेच पाहिलं नाही. पुढच्या महिन्यात आमची दुसरी टीम आणायची आहे, याच्या दुप्पट माणसं. मावतील का तुमच्याकडे?"

इंद्रजितने मनातल्या मनात हिशेब केला. त्याच्या हिरवळीवर तेवढी माणसं मावणार नव्हती हे उघड होतं.

"मावत्यात की," मागून एकनाथचा आवाज आला. "दगड बसंस्तवर रान एकच हाय."

दगड इंद्रजितने आणि प्रमोदने उचलून ओट्यापाशी आणून ठेवला. पुढच्या आठवड्यात एकनाथ एकदा मोजमाप बघायला म्हणून आला आणि चहा पिऊन गेला. मग परत आला. मग रोज यायला लागला. बसायला त्याला तो दगडच बरा पडे. हद्दीचा विषय रोज निघे आणि हैबतराव म्हणत, ऊन फार आहे, आज नको.

शेवटी इंद्रजितलाच राहवेना. दुसरी टीम तोंडावर आली होती, तिसरी विचारत होती, आणि डोक्यावर टांगलेलं हे सगळं एकदाचं मिटावं असं त्याला वाटत होतं. दोघं चहा घेत असताना तो समोर जाऊन उभा राहिला.

"आबा, दगड कवा बसवायचा?"

हैबतरावांनी बशीतला चहा संपवला. मग दगडावर बसलेल्या एकनाथकडे पाहिलं.

"काय घाई हाय का रं, एकनाथ?"

"न्हाई बा."

"मग तू जा," हैबतराव इंद्रजितला म्हणाले, "आन् तुझी पावडर भिजत घाल."