सात काड्यांचा सातपुते

"उताणा करा! आधी उताणा करा त्याला!"

दौंडला भीमेच्या काठी हा आरडाओरडा सुरू झाला, तेव्हा पुलावर दोन रिक्षा थांबल्या. बुडालेला माणूस वर काढलाय अशा समजुतीनं पन्नासएक माणसं खाली धावली. बघतात तर गुडघाभर चिखलात आमचे सुदामआप्पा, हातात बॅटरी, आणि समोर मासेमार ज्ञानूमामाच्या जाळ्यात अडकलेला हातभर लांबीचा, काळा, खडबडीत सकर मासा.

"आप्पा, जाळं फाडलं माजं ह्यानं, आन् तुम्ही त्याचं प्वाट काय बघताय?" मामा करवादला.

"पोटावरच तर सगळं हाय! ठिपके सुटे हायेत का एकमेकांत मिसळून नागमोडी झाल्यात? सुटे असले तर एक जात, नागमोडी असले तर दुसरी. न बघताच सकर-सकर काय करताय?"

"जाळं दोन्ही सारखंच फाडत्यात," मामा म्हणाला.

जमलेल्या माणसांनी आप्पांकडं अशा नजरेनं पाहिलं, की खरंच कुणी बुडालं असतं तर निदान त्यांची खेप तरी वाया गेली नसती.

सुदामआप्पा शिरूरला माझ्या घरासमोर राहतात. सणसवाडीच्या कारखान्यात तीस वर्षं क्वालिटीला होते, म्हणजे दुसऱ्यानं बनवलेल्या वस्तूला नाकं मुरडायचा पगार घेत होते. रिटायर झाल्यावर मुरडायला काही उरलं नाही, म्हणून हा मासा धरला. टाकीची काच चाटून साफ करणारा, चिलखत घातल्यासारखा तो. लोक हौसेनं बोटभर आणतात, तो हातभर होतो, मग गुपचूप नदीत सोडतात. माझ्या मते या माशाच्या दोनच जाती: नको असलेला आणि फारच नको असलेला.

आप्पांचं तसं नव्हतं. दाताच्या डॉक्टरानं "आ करा" म्हटलं, तर आप्पांनी त्यालाच विचारलं, "बाहेरच्या टाकीतल्या माशाच्या पाठीवरच्या पंखात आधाराच्या काड्या किती?" डॉक्टरानं मोजल्या नव्हत्या. आप्पा दुखरा दात घेऊन परत आले. आमच्या गल्लीतल्या एका मुलीला बघायला पाहुणे आले होते. पोहे झाले, मुलाच्या बापानं घसा खाकरून "मग, पसंत?" असं विचारलं, आणि कोपऱ्यातल्या फिशटँकपाशी वाकलेले आप्पा गरजले, "रिजेक्ट!" लग्न मोडता मोडता राहिलं. त्या जोडप्याला आता दोन मुलं आहेत. आप्पांना एकाही बारशाचं बोलावणं नव्हतं.

त्यांच्या स्वतःच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली पलंगाएवढी टाकी आणि तिच्यात नऊ वर्षांचा एकच मासा. नाव सातपुते. कारण बाजारात मिळतात त्या सगळ्यांच्या पंखात दहा-बारा काड्या, आणि ह्याच्या पंखात मोजून सात. अख्ख्या जिल्ह्यात असा ओके पीस दुसरा नाही, असं आप्पा पोस्टमनपासून गॅसवाल्यापर्यंत सर्वांना ऐकवत, आणि मोजायला लावत. गॅसवाला सिलेंडर दारातच ठेवून पळायला शिकला.

मग आप्पांचं बायपास झालं. पुण्यात ऑपरेशन, नंतर कोरेगाव भीमाला बहिणीकडं दीड महिना मुक्काम. घराची किल्ली माझ्याकडं दिली, ती मृत्युपत्र दिल्यासारखी. पाचव्या दिवशी मी मोबाईल चार्जिंगला लावण्यासाठी हवेच्या पंपाची पिन काढली आणि विसरलो. दुसऱ्या दिवशी सातपुते उताणे. आयुष्यात पहिल्यांदाच, कुणी न ओरडता.

मी तडक दौंड गाठलं. ज्ञानूमामानं रंगाच्या बादलीत एक घालून दिला. म्हणाला, "एक का? चार ने." तसाच काळा, तेवढाच लांब. काड्या मोजल्या, बारा. म्हटलं, हलत्या माशाच्या काड्या मोजतंय कोण? आप्पा मोजतात, एवढीच काय ती अडचण.

आप्पा परतले. काठी टेकून टाकीसमोर उभे राहिले. मी पळायच्या बेतानं पायातली चप्पलच काढली नव्हती. त्या गाढव माशानं नेमका तेव्हाच पंख शिडासारखा उभा केला. आप्पा बघतच राहिले.

"बारीक झालाय," ते म्हणाले. "मला वाकायला मनाई हाय. उद्यापासनं पाणी बदलायला येत जा."

बाहेर येऊन मी इतका हसलो की बरगड्या धरल्या. क्वालिटी म्हणे! तीस वर्षं! हॉटेलात चारचौघांना टाळ्या देऊन सांगितलं. मग रोज संध्याकाळी जाऊन निम्मं पाणी काढायचो, काच पुसायचो, आप्पांचं सुट्या ठिपक्यांवरचं कीर्तन ऐकायचो आणि मनात हसायचो. असे चार महिने गेले.

परवा कवठे येमाईचे एक सर मुद्दाम सातपुतेला बघायला आले. चष्मा पुसत म्हणाले, "सात काड्या म्हणे! मोजू का?"

आप्पांनी खांद्यावरचा टॉवेल काढून टाकीवर टाकला. "आज नगं, सर. अंग बरं न्हाई त्याचं."

मी हातातला पाण्याचा मग खाली ठेवला. सर गेले. आप्पा माशाला घालायला काकडीच्या चकत्या करत बसले.

"आप्पा, कवा कळलं?"

"आलो त्याच दिवशी."

"मग चार महिने बोलला का न्हाई?"

"बोलनार हुतो," आप्पा म्हणाले. "पर तू रोज यायला लागलास."