टेनर शिंकले, असे समजते

त्या सकाळी मी एका बाईंना खरं उत्तर द्यायचं ठरवलं, एवढाच माझा गुन्हा. ऑपेराच्या तिकीटखिडकीत बसणाऱ्या माणसाने खरं बोलू नये. 'माहीत नाही' आणि 'सुटे द्या' या दोन वाक्यांवर माझी निम्मी नोकरी पार पडली होती. पण बाईंनी फार आपुलकीने विचारलं, "टेनरची तब्येत बरी आहे ना हो?" आणि मी बोलून गेलो, "बरीच असावी. मघाशी मेकअपच्या खोलीतून एक शिंक तेवढी ऐकू आली."

ती शिंक टेनरची होती की पावडर उडवणाऱ्या मेकअपवाल्याची, हे बघायला मी काही गेलो नव्हतो. (अर्धवट ऐकून पूर्ण बोलायची आमच्या घराण्याची परंपरा आहे.)

आता या शिंकेत माझा स्वार्थ काय, ते सांगतो. ऑपेरात नायकाच्या छातीत सुरा घुसला तरी तो वीस मिनिटं गात राहतो. हे काम आमचा टेनर, म्हणजे उंच पट्टीत गाणारा मुख्य गायक करतो. तो बारा महिने गळ्याला मफलर गुंडाळून फिरतो, म्हणून आम्ही कर्मचारी त्याला 'मफलर'च म्हणतो. तो आजारी पडला तर ऐनवेळी उभा राहायला एक राखीव गायक असतो. त्याने सगळी भूमिका पाठ करून, प्रत्येक प्रयोगाला पडद्यामागे खुर्चीत बसायचं आणि दुसऱ्याच्या घशाची वाट बघायची. आमचा राखीव गायक म्हणजे माझा मेहुणा. तो दोन आठवड्यांसाठी म्हणून आमच्याकडे राहायला आला, त्याला चार वर्षं झाली. या चार वर्षांत मफलरला साधा खोकला झाला नाही आणि मला सकाळी आमचं बाथरूम मिळालं नाही. तिथे मेहुण्याचा रियाज चालतो. मी स्वयंपाकघरात पातेल्याच्या बुडात बघून दाढी करतो.

त्यातच मॅनेजरने कळवलं होतं की हंगाम संपला की राखीव गायकाचं पद बंद. आणि हंगामाचा शेवटचा प्रयोग त्याच संध्याकाळी होता. गायला मिळालं नाही तर मेहुणा बेकार, आणि कायमचा आमचा. बायको आठवडाभर नीट जेवली नव्हती. आपला भाऊ एक दिवस मोठा गायक होणार यावर तिचा जेवढा विश्वास आहे, त्याच्या पावपट तरी माझ्यावर असता तर मी आज मॅनेजर असतो.

तर शिंक खिडकीतून निघाली. दुपारी रांगेतला एक गृहस्थ म्हणाला, "ताप आहे म्हणे टेनरना?"

"छे हो, अजिबात नाही."

त्याने मागच्याकडे वळून सांगितलं, "हे नाही म्हणताहेत. म्हणजे आहे."

चहाच्या वेळेपर्यंत घशाचं ऑपरेशन झालं होतं. एका जाणकाराने तर मोबाईलवर भलामोठा लेख लिहून टाकला, 'वयस्क टेनरनी केव्हा थांबावे?' त्याखाली दोनशे लोक एकमेकांची अक्कल काढत होते.

इकडे मफलर ठणठणीत तब्येतीने, शीळ घालत थिएटरात आला. दरवानाने विचारलं, "साहेब, बरं वाटतंय ना?" कपडेवालीने गरम पाणी आणून दिलं. व्हायोलिनवाल्याने खांद्यावर हात ठेवून नुसताच सुस्कारा सोडला. मफलर आरशासमोर गेला, त्याने आ वासून जीभ बाहेर काढली आणि घाबरून आत घेतली. गायकाला एकदा घसा आठवला की संपलंच. प्रयोगाला दोन तास उरले असताना त्याच्या तोंडून सूर जाऊन हवाच बाहेर येऊ लागली.

मॅनेजर धावत खिडकीशी आला. "तुमच्या मेहुण्याला बोलवा."

मी घरी फोन केला. बायको म्हणाली, "अहो, त्याला सगळं आधीच कळलंय. कडी लावून बाथरूममध्ये बसलाय. तुम्ही या." मी धावत घरी गेलो आणि दार ठोठावलं.

आतून खणखणीत उत्तर आलं, "भाऊजी, माझा आवाज गेलाय."

"मग हे कोण बोलतंय?"

"बोलता येतंय. गाता येणार नाही. चार वर्षं वाट बघितली, आणि आज नेमका घसा बसला."

बायकोच्या डोळ्यांत पाणी होतं. ते बघून माझा धीर सुटला आणि मी दाराला तोंड लावून सगळं सांगून टाकलं, ती बाई, शिंक, पावडर, सगळं. "मफलरला काहीही झालेलं नाही रे. त्याचा घसा माझ्या बोलण्याने बसला, आणि तुझा त्याच्या बातमीने."

मग मेहुणा हसायला लागला, आणि हसता हसता त्याने असा सूर लावला की वरच्या मजल्यावरच्या काकूंनी काठी आपटली. त्या काठीचा आवाज बायकोला इतका गोड कधी वाटला नसेल.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदाच खिडकी बंद करून आत, मागच्या भिंतीशी उभा राहिलो. मेहुणा छातीत सुरा घेऊन वीस मिनिटं गायला आणि मला वाटलं, अजून वीस मिनिटं मरू नये याने. बायकोने माझा हात घट्ट धरला होता. टाळ्या थांबेनात. सगळ्यात मोठ्याने 'वाहवा' ओरडत होता मफलर, अगदी मोकळ्या आवाजात. नंतर त्यानेच मॅनेजरला सांगितलं, "मला आता जरा विश्रांती द्या, आणि या पोराला घ्या." पुढच्या हंगामाचा मुख्य टेनर म्हणून मेहुण्याची सही झाली आणि मी आनंदाने त्याच्यासाठी भाड्याचा फ्लॅट शोधू लागलो.

दोन पसंतही केले होते. तेवढ्यात परवा पेपरच्या कलावार्तांमध्ये छापून आलं, 'नव्या टेनरना पुरेशी विश्रांती मिळावी म्हणून त्यांच्या भाऊजींनी स्वतःची बेडरूम स्वखुशीने रिकामी केल्याचे समजते.' मी पोट धरून हसलो. अशा बातम्या कशा पिकतात हे मला कुणी शिकवायला नको. दिवसभर रांगेतले लोक माझं अभिनंदन करत होते. मी नाही नाही म्हणालो तर म्हणाले, "किती विनय."

संध्याकाळी घरी आलो तर हॉलमधल्या सोफ्यावर माझी उशी.

"अगं," मी म्हटलं, "ती बातमी साफ खोटी आहे."

बायको सोफ्यावर चादर अंथरत म्हणाली, "सकाळपर्यंत होती."