बिनपत्रिकेचा पाना

आमचे चिंचवडचे शेजारी तात्या नटाला थेट पाना कधीच लावत नसत. आधी पत्रिका बघत. घोंगडीवर दहा-बारा पाने मांडायचे, एकेक उचलून नटाजवळ न्यायचे, डोळा बारीक करायचे आणि मान हलवायचे, “न्हाई. ह्यो ढिला हाय. पोरीचे हाल करंल.” मग पुढचं स्थळ! माझ्या सायकलचं चाक काढायचं तर अर्धी सकाळ बघण्याच्या कार्यक्रमातच जायची.

पिंपरीच्या एका कारखान्यात ते फिटर होते. राग फक्त एकाच हत्यारावर. जबडा लहानमोठा करता येतो तो स्क्रूपाना. कुणीतरी त्यांच्या गळ्यात मारलेला. “कुणाशीबी जमवून घेतंय बेनं! ना कूळ, ना पत्रिका!” तो बिचारा अंगणातल्या कपड्यांच्या दोरीला ताण म्हणून लटकत असे.

त्यांच्या लेकीनं, सुमीनं, गावोगाव देवीची लस टोचत हिंडणाऱ्या मुलाशी पत्रिका न बघता लग्न केलं, तेव्हा तात्या लग्नाला गेले नाहीत. बायको आधीच वारलेली. तेव्हापासून घरात बोलणं उरलं ते हत्यारांशीच.

त्या पावसाळ्यात त्यांनी एक मोडकी, छोटी विलायती मोटारसायकल आणली आणि खपून खपून तिला बोलती केली. पहिल्यांदा फटफटली तेव्हा अख्खी आळी नाचली! “नाशकाला गिऱ्हाईक हाय,” एवढंच तात्या सांगत. कारखान्याची औषधांची व्हॅन नाशिकला जायची. ड्रायव्हर रहीमभाई तिच्यातून गाडी पोचवणार होते.

आणि व्हॅन दारात आली ती नेमकी खंडेनवमीला! तात्यांचे सगळे पाने हळदकुंकू लावून, झेंडू वाहून पाटावर बसलेले. पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नसतो. आणि हँडल सैल करून फिरवल्याशिवाय गाडी व्हॅनच्या दारातून जाईना.

“तात्या, जल्दी करा राव! आज न्हाई तर पुन्हा फेरी कधी, अल्ला जाने!”

तात्यांनी पाटाकडे हात नेला, मागे घेतला, पुन्हा नेला. मला राहवेना.

“तात्या, दोरीचा स्क्रूपाना घ्या की! त्याला तुम्ही कुठं हत्यार मानता? त्याची पूजाही नाही झालेली!”

त्यांनी असं पाहिलं की मी मागेच सरलो. मग तरातरा जाऊन त्यांनी पाना सोडवला. दोरीवरचे सदरे आणि धोतर धुळीत लोळले. जबडा नटावर आवळला, एक झटका, आणि नट सुटला! आम्ही टाळ्या पिटल्या. हँडल फिरवलं, पेट्रोल काढून घेतलं, फळी लावून गाडी वर चढवली, चाकांना ठोकळे लावून दोरखंड आवळले. मागच्या चाकाजवळची जाळी तेवढी व्हॅनच्या पत्र्याला घासत होती.

“ही काढा,” रहीमभाई म्हणाले.

“जाळीला हात लावायचा न्हाई!” तात्या ओरडले.

मी वाकून पाहिलं. बाईमाणूस मागं बसलं तर पदर चाकात जाऊ नये म्हणून लावतात ती जाळी. तात्यांनी स्वतः तार वळून केलेली.

“तात्या, तुमचं गिऱ्हाईक लुगडं नेसतं?”

तात्यांनी तोंड फिरवलं. “पोरगं पायपीट करून दमतंय म्हनं. आन् सुमी कवा मागं बसली तर…”

रहीमभाईंनी जाळी आणि पत्रा यांच्यामध्ये गोणपाट कोंबलं.

तात्या आत जाऊन करंडा घेऊन आले. स्क्रूपाना धोतराच्या सोग्यानं पुसला, त्याला हळदकुंकू लावलं आणि रहीमभाईंच्या हातात दिला.

“उद्या हँडल ह्यानंच आवळा. आन् जावयबापूंना म्हनावं, जपून ठेवा. आमच्या घरचा हाय.”