बदकांच्या कुंचीचं बारसं

मिरजेच्या शालन वाळवेकर यांच्या कपाटातल्या न शिवलेल्या कापडांनी सोमवारी सकाळी ठराव केला की, आतलं एक कापड कात्रीखाली गेलं तरच बाहेरचं एक आत येईल.

शालनबाईंना हे कळलं ते कपाट उघडायला गेल्यावर. किल्ली फिरली, पण दार हलेना. काखेत नुकतंच आणलेलं गुलाबी फ्लॅनेल होतं, आठवडाभराच्या नातीच्या कुंचीसाठी. खरं तर बाई पांढरं रीळ आणायला बाहेर पडल्या होत्या. पण त्यांचं हे कायमचंच. रीळ आणायला जायचं आणि कापड घेऊन यायचं. मग त्या कापडाला जुळणारं रीळ घरात नसायचं, म्हणून पुन्हा पेठेत जायचं. पेठेत रीळवाला आणि कापडवाला समोरासमोर बसतात. शालनबाई दिसल्या की दोघंही उठून नमस्कार करतात.

"जागा नाही का आत?" त्यांनी दाराच्या फटीला तोंड लावून विचारलं.

"जागेचा प्रश्न नाही, सूनबाई. शिस्तीचा आहे."

शालनबाईंनी झटकन डोक्यावर पदर घेतला. आवाज तपकिरी टेरिकॉटचा होता. ते कापड सासऱ्यांच्या पॅन्टीसाठी घेतलेलं. पॅन्टीची वाट बघत सासरे वारले, कापड राहिलं. न शिवलेलं कापड ज्याच्यासाठी घेतलं त्याच्याच नात्यानं बोलतं, हे कुणाही शिवणाऱ्या बाईला ठाऊक असतं. त्यामुळे शालनबाईंना सासरे नव्हते, पण सासरा होता.

"अहो," त्यांनी नवऱ्याला हाक मारली, "मामंजी दार उघडत नाहीत."

"बरोबर आहे त्यांचं," दिगंबरराव पेपरातून डोकं न काढता म्हणाले. "माझ्या शर्टाचं कापड आत आहे का अजून?"

"आहे."

"काय म्हणतंय?"

"चहा टाक म्हणतंय."

"मग टाक की. दोघांचा टाक."

एवढ्यात आतल्या खोलीतून तेजश्री आली. लेक बाळंतपणाला माहेरी आलेली, कानाला घट्ट रुमाल, छातीशी बाळ. तिनं आधी गुलाबी फ्लॅनेल बघितलं, मग आईचं तोंड.

"आई, मी पहिलीत असताना तू मला बदकांचा फ्रॉक शिवणार होतीस."

"शिवणारच आहे की!"

"कुणाला? मला?" तेजश्री म्हणाली. "रविवारी बारसं आहे. कुंची आजोळची असते म्हणून मी सासरी सगळ्यांना सांगून बसलेय, माझी आई शिवतेय. झाली नाही तर विकतची आणीन. आणि मग तुला जन्मात काही शिवायला सांगणार नाही."

ती आत गेली. ओरडली असती तर शालनबाईंना बरं वाटलं असतं. पण ती साध्या आवाजात बोलली होती, म्हणजे खरं बोलली होती.

शालनबाई पुन्हा फटीपाशी आल्या. "मामंजी, कुंचीपुरतं तरी हे गुलाबी..."

"बारशाआधी बाळाच्या अंगाला नवं कापड लावायचं नसतं. आपल्यात जुनंच लावतात. हे तुम्हाला आम्ही सांगायचं?"

"पण आतलं सगळं कोरं आहे!"

"कोरं आहे, सूनबाई. नवं नाही."

दार बोटभर उघडलं आणि फटीतून एक घडी बाहेर सरकली. पिवळं कापड, त्यावर पांढरी बदकं.

"आई," घडी म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "की मावशी?"

त्या कापडाचा गोंधळ होता खरा. घेतलं तेजश्रीच्या फ्रॉकसाठी. फ्रॉक राहिला, म्हणून बहिणीच्या मुलीला परकर शिवायचा ठरलं. तोही राहिला. मध्ये एकदा स्वयंपाकघराच्या खिडकीला धरून पडद्यासाठी मोजलं, तेव्हापासून वारा आला की ते कुणालाच हाक मारायचं नाही, नुसतं हलायचं.

"मी नक्की कोण आहे?" पिवळ्यानं विचारलं.

"कुंची," शालनबाई म्हणाल्या.

"नक्की? फ्रॉकच्या वेळीही असंच म्हणाली होतीस."

मंगळवारी शालनबाईंनी मशीन पुसलं. बुधवारी तेल दिलं, आणि ताज्या तेलाचे डाग पडतील म्हणून हात लावला नाही. पुढे बॉबिन सापडेना. बॉबिन शोधता शोधता बटणांचा डबा सापडला. बटणं रंगानुसार लावून झाली तेव्हा दिवेलागण झाली होती आणि बॉबिन मशीनमध्येच होतं. मग शेजारच्या कुलकर्णीबाई कात्री मागायला आल्या. शालनबाईंनी इतक्या आनंदानं कात्री दिली की कुलकर्णीबाई दचकल्या आणि दुसऱ्या दिवशी धार लावून परत घेऊन आल्या. एवढा उपकार शालनबाईंवर आजवर कुणी केला नव्हता आणि एवढा रागही त्यांना कधी आला नव्हता.

शनिवारी दुपारी टेबलावर पिवळं कापड पसरलेलं, बाजूला कात्री.

"घाबरतेस तू," पिवळं म्हणालं.

"मी कशाला घाबरू? कापड आधी भिजवून आटवायला हवं."

"गुरुवारी भिजवलंस."

"इस्त्री?"

"झाली. दोनदा."

शालनबाईंनी इकडेतिकडे बघितलं. दूध उतू जात नव्हतं. दाराची बेल वाजत नव्हती. दिगंबरराव घोरत होते, म्हणजे त्यांनाही काही नको होतं.

"चुकलं तर?" त्यांनी हळूच विचारलं.

"तर चुकलेली कुंची होईन. काहीतरी होईन की."

शालनबाईंनी डोळे मिटले, मग कापायचं आहे हे आठवून उघडले, आणि कात्री चालवली. मशीनचा आवाज ऐकून दिगंबरराव घाबरून उठले. त्यांना वाटलं, गिरणी सुरू झाली. संध्याकाळी कुंची उभी राहिली. हनुवटीखाली बांधायचे बंद तेवढे लावायचे राहिले, कारण तेवढ्यात पिवळं रीळ संपलं. आता रीळ आणायला जाणं धोक्याचं, हे शालनबाईंना स्वतःबद्दल माहीत होतं. त्यांनी बंद पिनेनं अडकवले.

रविवारी बारसं थाटात झालं. बाळाची आत्या प्राची पाळण्यावर वाकली आणि तिनं कुंचीच्या कडेतून बाळाच्या कानात नाव सांगितलं, "ईश्वरी." बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले.

"ओ," पाळण्यातून उत्तर आलं.

घुगऱ्या वाटणाऱ्या बायका थांबल्या.

"बाळ बोललं?" विहीण सरोजिनीबाईंनी विचारलं.

"नाही," तेजश्री म्हणाली. "कुंची बोलली."

"शिवलेलं कापड कसं बोलेल?" सरोजिनीबाईंनी चष्मा लावला, कुंची उलटीसुलटी बघितली आणि पिन वर धरली. "बंद लावलेले नाहीत, विहीणबाई. मग ही बोलणारच."

शालनबाईंना धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

आता नाव कुणाचं, यावर चर्चा झाली. प्राचीचं म्हणणं, ती बाळाच्या कानात बोलली. सरोजिनीबाई म्हणाल्या, बाळाच्या कानावर कुंची होती, नाव आधी तिला लागलं, आणि ओ तिनं दिली.

"मला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं," कुंची म्हणाली. "मी देणार नाही."

"ठेवून घे गं," दिगंबरराव म्हणाले. "एका बारशाला दोन नावं ठेवतातच." मग बाळाचं नाव मनवा ठेवलं. त्यासाठी प्राचीला पुन्हा वाकावं लागलं आणि पुन्हा बुक्के खावे लागले, तेवढी एकच तक्रार झाली.

पंगत उठल्यावर तेजश्री पाळण्यापाशी बसली. कुंचीवरच्या बदकांवरून तिनं एकेक करून बोट फिरवलं.

"दे सुई, बंद मी लावते," ती म्हणाली. मग सुई हातात घेऊन तशीच बसली. "राहू दे का गं दोन दिवस? जरा गप्पा मारते हिच्याशी."

"राहू दे."

"आणि आई, मनवाला झबलं पण शिव."

सोमवारी ठरावाप्रमाणे गुलाबी फ्लॅनेलला आत घेतलं गेलं. ते बाळासाठी घेतलेलं असल्यामुळे रात्रभर रडलं.

"आता आमच्या पॅन्टीचं बघा, सूनबाई," तपकिरी टेरिकॉट सकाळी म्हणालं.

शालनबाई लगेच तपकिरी रीळ आणायला गेल्या. आल्या, पदर घेतला, कपाटासमोर उभ्या राहिल्या.

"रीळ आणलं?"

"आणलं, मामंजी."

"फक्त रीळ?"

शालनबाईंनी पिशवी पाठीमागे धरली. त्या बंदांची चुटपुट मनातून जात नव्हती, म्हणून त्यांनी सरोजिनीबाईंच्या ब्लाउजसाठी जरासं खणाचं कापड घेतलं होतं. जरासंच.

"एक कापलं, एक आत आलं. हिशेब संपला," आतून आवाज आला. "दार उघडणार नाही."

तेव्हा पिशवीतून कुणीतरी करड्या आवाजात म्हणालं, "विहीणबाई, आणखी किती वेळ उभं ठेवणार आहात आम्हाला?"

कपाटात एकदम घाईघाईनं घड्या सरकवल्याचा आवाज आला, कुणीतरी कुणाला तरी गप्प केलं, आणि दार असं सताड उघडलं की किल्ली उडून कॉटखाली गेली.

"या, या," तपकिरी टेरिकॉट म्हणालं. "सूनबाई, बघताय काय? चहा टाका."