पार्श्वभूमीला जोडपे, नग एक

कपडा जुना व्हायला काळ लागतो, आणि काळ ही गोष्ट आज कोणाकडेच शिल्लक नाही. सदरा नवा घ्यावा, आठ-दहा वर्षे अंगावर वागवावा, दगडावर आपटावा, कोपरावर विरू द्यावा आणि मग कुठे त्याला ते विशिष्ट म्हातारपण यावे, एवढा धीर नोकरदार माणसाला परवडत नाही. ही राष्ट्रीय अडचण ओळखून पुण्याच्या 'ढेकूळ' या कंपनीने आधीच झिजलेले कपडे बाजारात आणले. कॉलरीवरचा मळ कारखान्यातच लावून मिळतो. (धुतल्याने जात नाही. तशी लेखी हमी आहे.)

यंदाच्या हिवाळी मालिकेचे नाव 'कष्ट' आणि रंग तीन: राख, कडबा आणि दुपार. असे कपडे बंद खोलीत लाइट लावून दाखवणे म्हणजे कष्टांचा अपमान, हे कंपनीचे कलादिग्दर्शक आदिनाथ यांनी पहिल्याच बैठकीत मांडले व ते टाळ्यांच्या गजरात मान्य झाले. खरी माती हवी. खरी माती पुण्यातही आहे, पण तिच्यावर फ्लॅटचे बुकिंग झालेले असते. सबब बीड जिल्हा निवडण्यात आला. निकष तीन होते: ऊन, भेगा आणि महामार्गावर मांजरसुंब्याला जेवणाची सोय.

पाहणी पथक दोनदा आले. पहिल्या खेपेस जिल्हा हिरवा आढळला. (त्या वर्षी पाऊस बरा झाला होता. याबद्दल पथकाने अहवालात नाराजी नोंदवली आहे.) दुसऱ्या खेपेस, दिवाळीनंतर, नांदूरघाटच्या शिवारात बबनरावांचा मुरमाड पडीक तुकडा सापडला आणि पथकाच्या डोळ्यांत पाणी आले. त्या तुकड्याने बबनरावांच्याही डोळ्यांत अनेकदा पाणी आणलेले होते, पण त्यांनी त्याचे शूटिंग केले नव्हते.

स्थानिक व्यवस्थेसाठी गावातलाच युवराज नेमला गेला. त्याचा लग्न-जावळ-ओळखपत्र असा सर्व वयोगटांचा फोटो स्टुडिओ आहे. पण या कामात त्याने कॅमेऱ्याला हात लावायचा नव्हता. करारातील कलम एकतीसनुसार चित्रीकरणाच्या जागी दुसऱ्या कोणीही कॅमेरा किंवा मोबाइल काढायचा नाही. त्याच्याकडे फक्त एक यादी देण्यात आली:

शेळ्या, मध्यम चेहऱ्याच्या: चार.
घागर, पोचा पडलेली: एक.
बाज, सैल: एक.
जोडपे, स्थानिक, रोजच्या कपड्यांत: एक.

जोडपे रानासोबतच मिळाले. बबनराव आणि सुभद्राबाई. बबनरावांनी सगळ्याला हो म्हटले. सुभद्राबाईंनी एकच अट घातली. आमच्या दोघांचा एक फोटो काढायचा, सोबत, आणि तो मोठा करून द्यायचा.

ही अट वरवर क्षुल्लक वाटेल, म्हणून पार्श्वभूमीची पार्श्वभूमी देणे भाग आहे. या दोघांच्या लग्नाला चोवीस वर्षे झाली. लग्नात फोटोवाला होता. पण पंगतीत वाढण्यावरून त्याचे आणि बबनरावांच्या चुलत्यांचे बिनसले आणि तो रोलसकट निघून गेला. तेव्हापासून निम्मे वर्ष ऊसतोडीत आणि निम्मे रानात गेले. सरकारच्या निरनिराळ्या दफ्तरांत दोघांचे मिळून सतरा फोटो आहेत. परंतु नवराबायकोने एकाच चौकटीत बसावे अशी तरतूद कोणत्याही योजनेत नाही. युवराजचा स्टुडिओ घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, हे खरे. पण जोडीने उठून फोटो काढायला जायचे तर गावात कारण लागते, आणि बबनरावांना चोवीस वर्षांत ते सापडले नव्हते. मोबाइलच्या फोटोला सुभद्राबाई फोटो मानत नाहीत. चार्जिंग संपले की मायबाप गेले, असे त्यांचे म्हणणे.

यंदा घाई होती. तोडणीच्या टोळीची गाडी गुरुवारी निघणार होती आणि धाकटी करिष्मा शाळेसाठी पहिल्यांदाच मागे, मावशीकडे राहणार होती. सहा महिने पोरीजवळ दोघेही असावेत, निदान भिंतीवर तरी, एवढाच हिशेब होता.

शूटिंग मंगळवारी ठरले. पहाटे पाच गाड्या शिवारात शिरल्या. त्यांतून अकरा छत्र्या, तीन आरसे आणि पंचवीस किलो धूळ उतरली. (स्थानिक धूळ तपासणीत जाडसर ठरली होती. म्हणून पिशवीबंद धूळ पुण्याहून आणण्यात आली.) मॉडेल दोघे: एक उंच तरुण आणि सायली नावाची मुलगी. दोघांच्या गालांना राख फासण्यात आली. तरुणाचा शर्ट पाठीवर फाडलेलाच होता. सायलीच्या 'दुपार' रंगाच्या झग्याची बाही खांद्यापासून सुटलेली होती. ती सुटलेली बाही सुटलेलीच राहावी यासाठी एक स्वतंत्र बाई नेमलेली होती.

साडेसात वाजता जोडपे हजर झाले.

सुभद्राबाईंनी भावाच्या लग्नातली जांभळी साडी नेसली होती. नाकात नथ, दोन्ही हातांत कोपरापर्यंत चुडा. बबनराव खळ घातलेल्या पांढऱ्या धोतर-सदऱ्यात होते. दोन्ही अंगांना इस्त्रीच्या अशा धारा होत्या की आदिनाथ एक पाऊल मागे सरकले. शेळ्यांनाही आंघोळ घातलेली होती.

आदिनाथांनी युवराजला बाजूला घेऊन यादीतील चौथी ओळ दाखवली. युवराजने ती जमेल तितक्या अदबीने सुभद्राबाईंपुढे मांडली.

"रोजच्या कपड्यात रोज असतोच की," सुभद्राबाई म्हणाल्या. "त्याचा फोटु कावून?"

आदिनाथांनी चाळीस पानी नियोजन पहिल्या पानापासून चाळायला घेतले.

ते पाने उलटत असताना सुभद्राबाईंचे लक्ष सायलीच्या खांद्याकडे गेले आणि तिथेच राहिले. त्यांनी तिला जवळ बोलावून कुठली, काय, विचारले. कोथरूडची, असे कळले. आईवडील आहेत, दोघेही नोकरीला आहेत, असेही कळले. मग ही अवस्था का, ते मात्र विचारणे त्यांना बरे वाटले नाही. त्या उंच तरुणाची पाठ त्यांनी एकदाच पाहिली आणि नजर वळवली.

त्या घरी गेल्या आणि शेजारच्या छबुबाईंना घेऊन परत आल्या. सोबत हळदीकुंकू, नारळ, दोन टॉवेल, दोन टोप्या आणि करिष्माच्या मामाने दिलेली, घडीही न मोडलेली एक साडी होती. आपल्या रानात आलेला पाहुणा उघड्या खांद्याने परत गेला तर ते रानाला लागते, असा इकडचा रिवाज आहे. सायलीला पूर्वेला तोंड करून बसवले आणि तिची ओटी भरली. आदिनाथ आणि तो तरुण यांना टॉवेल-टोपी झाली. ओटी भरताना मध्येच उठू नये हे सायलीला कोणी सांगितले नव्हते, पण ती हलली नाही. एवढ्यात सकाळचे कोवळे ऊन, ज्यासाठी पाच गाड्या आल्या होत्या, संपले.

टोपीने तरुणाच्या चेहऱ्याला एकदम खरेपणा आला, हे आदिनाथांच्या ध्यानात आलेच. फक्त ती फार नवी होती. त्यांनी सहायकाला इशारा केला. सहायकाने टोपी घेतली, मातीत घातली आणि बुटाने दोनदा रगडली.

सुभद्राबाई आवाज न चढवता म्हणाल्या, "सायेब, दिलेला आहेर पायाखाली घालायचा आसंल तर आमच्या रानातून निघा."

बबनरावांनी बाज उचलून डोक्यावर घेतली. छबुबाईंनी शेळ्या सोडल्या. पार्श्वभूमी संपावर जाण्याची ही या व्यवसायातील पहिलीच वेळ असावी.

आदिनाथांनी माफी मागितली. टोपी झटकली, आपली काढून ती दोन्ही हातांनी स्वतःच्या डोक्यावर ठेवली आणि मग जी तोड काढली तिच्याबद्दल त्यांना कंपनीत अजूनही मानतात. जोडप्याने आहे त्याच कपड्यांत, मागे बाभळीखाली उभे राहायचे. कॅमेरा पुढच्या शर्टावर धरला की मागचे सगळे आपोआप मऊ आणि धूसर होते. "मावशी, तुमचा फोटो निघेल," ते म्हणाले. "दोघांचा, सोबत. आणि पुण्यात वीस फूट मोठा लागेल." यातला एकही शब्द खोटा नव्हता.

वीस फूट ऐकून सुभद्राबाईंनी पदर सारखा केला. दोघे बाभळीखाली उभे राहिले. हातांचे काय करायचे हे बबनरावांना सुचेना. ते त्यांनी आधी मागे धरले, मग पुढे, मग सोडून दिले. छत्री धरून उभ्या असलेल्या युवराजला, कॅमेरा चालू होताना, त्यांचे बोलणे ऐकू आले.

"उलसं सरक इकडं," बबनराव म्हणाले.

"लोक बघतेत न्हवं."

"बघू दे. कामच हाय त्ये."

गुरुवारी टोळी गेली. तीन आठवड्यांनी युवराजच्या मोबाइलवर फोटो आला. तरुणाच्या पाठीवरची फाट इतकी स्पष्ट होती की तिचे धागे मोजता यावेत. मागे, बाभळीच्या धुक्यात, एक जांभळा डाग आणि एक पांढरा डाग होता. युवराजने आपल्या स्टुडिओत जेवढे करता येते तेवढे करून पाहिले. मग आहे तसाच मोठा केला आणि चौकटीत बसवून करिष्माच्या मावशीकडे पोहोचवला. करिष्माने तो अंथरुणाच्या वर लावला आहे. घरी येणाऱ्या मैत्रिणींना ती बोट ठेवून आई कोणती आणि बापू कोणते ते दाखवते. दोन डाग कडेला एकमेकांत मिसळलेले आहेत, तिथे ती बोट जरा जास्त वेळ ठेवते.

मोसम उत्तम गेला. राख आणि कडबा आठवड्यात संपले. कंपनीकडे आलेल्या चौकशांपैकी एकशे बारा चौकशा मागचा तो जांभळा रंग शर्टात मिळेल का, अशा होत्या. बाब कंपनीच्या विचाराधीन आहे.

फोटो आपणही पाहिला आहे. आधी सिग्नलला थांबल्यावर वर लागलेला, मग घरी निवांत मोबाइलवर. दोन बोटांनी मोठा करून, नीट, बारकाईने पाहिला आहे. शर्टाची शिवण कशी आहे ते बघायला.