नाव नाई आलं पायजे

दिगूकाका कॉम्प्युटरसमोर बसायच्या आधी तोंडाला दुपट्टा गुंडाळत. मे महिन्याच्या उन्हात हिंगणघाटात सगळेच गुंडाळतात. काका गुंडाळत ते जानेवारीत, नेट कॅफेच्या आत, प्लायवूडच्या खोपटात बसून. फक्त डोळे उघडे. समोरच्याला आपण दिसत असलो तर? या कॉम्प्युटरला कॅमेराच नाही, असं मी दहादा सांगून पाहिलं.

"आपल्याले ते नाई दिसत म्हणून त्याईले आपण नाई दिसत, असं हाय काय, पोरी?"

काकांचं बाजारात बटणं, दोरे नि लेसचं दुकान. पाटीवर 'शिलाईचे सामान मिळेल' एवढंच, मालकाचं नाव नाही. आहेराच्या पाकिटावर ते 'आपला' लिहून खाली कोरं सोडत, त्यामुळे काका जेवून जातात आणि आहेर देत नाहीत असं अर्ध्या गावाचं मत होतं. देवळाच्या फरशीसाठी त्यांनी पैसे दिले, तेव्हा मंडळानं कौतुकानं एका फरशीवर त्यांचं नाव कोरलं. दुसऱ्या दिवशी काका पायपुसणं घेऊन हजर. नावावर ते अंथरलं तेव्हा कुठं जेवण गेलं. रस्त्यावर कुणी 'हॅलो, माईक टेस्टिंग' म्हणालं की त्यांचं शटर खाली. गणपती आणि नवरात्र ते सेलूला बहिणीकडे काढत. लग्न केलं नव्हतं. पत्रिकेत नाव छापावं लागतं म्हणून, असं बाजार म्हणे.

"नाव नाई आलं पायजे," हे त्यांचं पालुपद. वर्गणी देताना, विजेची तक्रार करताना, अगदी दवाखान्यात केसपेपर काढतानासुद्धा.

मी तेव्हा चोरीच्या सीड्यांविरुद्ध पत्रकं वाटत होते. बसस्टँडवर एका सीडीत दीडशे गाणी मिळत आणि गाणाऱ्याच्या हातात त्यातलं काहीही पडत नसे. ही उघड लूट होती आणि गाव मजेत ऐकत होतं. 'ऐकता ना? मग गाणाऱ्याला थेट द्या!' हा मथळा माझाच. लोक त्या पत्रकात भजी बांधून नेत. सबंध बाजारात ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारे एकटे दिगूकाका. दुकानातलं गिऱ्हाईक जाईपर्यंत ते थांबले आणि हळूच म्हणाले, "थेट म्हंजे, मधात कोणी नाई न?"

त्यांना एकाच गायिकेला द्यायचं होतं. सुमनताई मूळच्या इथल्याच, लग्नानंतर पुण्याला. आजीकडून आलेल्या जात्यावरच्या ओव्या त्या घरीच रेकॉर्ड करून दर महिन्याच्या एक तारखेला आपल्या वेबसाइटवर ठेवत. खाली साधं लिहिलेलं: ऐकणं फुकट आहे, वाटलं तर द्या. काकांकडे कार्ड नव्हतं. माझ्याकडे होतं, नोकरी लागल्या लागल्या बँकेनं गळ्यात मारलेलं. मी कार्डावरून भरायचे, काका मला रोख द्यायचे. नावाचा रकाना कोरा सोडला की देणाऱ्यांच्या यादीत 'एक श्रोता' असं उमटे.

पैसे भरताना काकांकडे पाहवत नसे. बटण दाबलं की पडद्यावर ते चक्र फिरत राही. तेवढा वेळ ते माझं मनगट धरून ठेवत, नाडी तपासल्यासारखं. "कार्डावर तुह्यं नाव हाय न? चालते. तू बाई माणूस. माह्यं नाई आलं पायजे."

मला याचा संताप येई. आमच्याकडे नाली खोदली तरी नगरसेवकाचं नाव लागतं, आणि गाणाऱ्या बाईला हातभार लावणारा माणूस तोंड बांधून बसतो! देणारे असे लपले तर बाकीच्यांना लाज कशी वाटायची? आठ महिने मी हे सहन केलं. नवव्या महिन्यात काका दुपट्टा घट्ट करत असताना मी रकान्यात पटकन टाईप केलं: दिगंबर, हिंगणघाट. तत्त्वासाठी केलं, असं मी स्वतःला सांगितलं.

पुढच्या एक तारखेला गाणं आलं नाही.

दोनला नाही, तीनलाही नाही. काका दुकान अर्धं उघडं टाकून कॅफेत येत, जुनंच पान पाहत आणि जात. चौथ्या दिवशी त्यांनी मला यादी खाली सरकवायला सांगितली. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"हे कोनं लेहलं?"

मी, असं मी म्हणाले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते बाहेरच्या बाकावर जाऊन बसले आणि तिथं, दुपट्ट्याच्या आतूनच, त्यांनी मला सांगितलं.

बारा-तेरा वर्षांपूर्वी शारदा उत्सवात सुमनताई मंडपात गायल्या होत्या. गाणं आवडलं की ऐकणाऱ्यानं बक्षीस द्यायचं आणि माईकवाल्यानं त्याचं नाव पुकारायचं, ही आमच्याकडची रीत. पहिल्या दिवशी काकांनी दिलं, नाव पुकारलं गेलं. दुसऱ्या दिवशीही तेच. मंडपात थोडी खसखस पिकली. तिसऱ्या दिवशी माईकवाला म्हणाला, "आजबी आपले दिगंबरशेठच. ओव्याच ऐकून राह्यले, का आणखी काही?" सगळा मंडप हसला. चौथ्या दिवशी सुमनताई आल्याच नाहीत. वडिलांनी त्यांना मामाकडे तळेगावला धाडलं आणि उन्हाळ्यात लग्न उरकलं. गाणं बंद.

"म्या फकस्त देल्लं होतं, पोरी. नाव त्यानं घेतलं." काकांनी दुपट्टा आणखी वर ओढला. "इतके वर्ष लागले तिले पुन्हा गाणं गायाले. आता तिच्या घरी कोणी वाचलं असन तं?"

एवढी पत्रकं लिहिली, पण आपल्या एका ओळीनं कुणाचं तोंड बंद होईल ही भीती मला त्या बाकावर पहिल्यांदा वाटली. त्याच दिवशी मी सुमनताईंना मेल टाकला: नाव मी परस्पर घातलं, काकांचा दोष नाही, त्यांना फार भीती वाटते, कृपा करून ते काढा. उत्तर आलं नाही. रोज मी मेल उघडायला भीत होते, आणि न उघडायलाही. पत्रकांचा गठ्ठा तसाच पडून राहिला. काकांचं शटर माईक नसतानाही खाली दिसू लागलं.

अकरा तारखेला गाणं आलं. यादीतलं नाव गेलं होतं. त्या जागी पुन्हा 'एक श्रोता'.

मी काकांना दुकानातून ओढतच आणलं. त्यांनी दुपट्टा बांधला, हेडफोनची एक बाजू माझ्याकडे केली. ओवी सुरू व्हायच्या आधी सुमनताईंचा बोलण्याचा आवाज आला. इतकी वर्षं पुण्यात राहूनही आमच्याच गावचा.

"घसा बसला होता, म्हणून उशीर झाला. हिंगणघाटाहून बक्षीस पोचलं. देणाऱ्याचं नाव मले माहीत हाय, पण माईकवर नाई घेत. त्याईले भेव लागते."

मग ओवी. काका हलले नाहीत. माझं मनगट मात्र त्यांनी धरून ठेवलं होतं, चक्र फिरत नसतानाही.

गाणं संपल्यावर त्यांनी दुपट्ट्याची गाठ सोडली, नीट घडी घातली आणि मांडीवर ठेवली. कॉम्प्युटरच्या उजेडात त्यांचा सबंध चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. दाढी ताजी केलेली होती; गाणं येईल या आशेनं ते रोजच करत असावेत.

"घेतलं असतं तरी चाललं असतं," काका पडद्याकडे पाहत म्हणाले.